कौतुक थांबल्यानंतरचे महिने

साधारण पाचव्या महिन्यात कौतुक थांबतं. त्याआधी सोसायटीच्या लिफ्टमध्ये, ऑफिसात, कर्वे रस्त्यावरच्या एखाद्या कार्यालयातल्या लग्नात कोणी ना कोणी हटकून विचारतं, ‘‘बारीक झालीस गं! काय करतेस?’’ आपण उत्साहाने सांगतो. समोरची तितक्याच उत्साहाने ऐकते. रात्रीचं जेवण किती वाजता, भात पूर्ण बंद का, चहात साखर घेतेस का, असं खोदून खोदून विचारते. छान असतात ते दिवस. मग हळूहळू सगळ्यांना आपल्या नव्या अंगलटीची सवय होते आणि आपण आधी कशा होतो हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. नेमका त्याच सुमारास वजनकाटाही एका आकड्यापाशी अडून बसतो. उरतो तो पहाटेचा गजर, तेच बूट, तीच भाकरी आणि तीच काकडी.

वजन कमी करायला निघालेली जी माणसं मी आजूबाजूला पाहिली, त्यांतली बरीचशी भुकेपुढे हरली नाहीत. भुकेच्या दिवसांत अंगात जिद्द असते. त्यांचं सुटलं ते या पुढच्या, काहीच न घडणाऱ्या महिन्यांत. ठरवून कोणी सोडत नाही. एक दिवस पाऊस असतो, दुसऱ्या दिवशी पाहुणे, तिसऱ्या दिवशी ‘आता सोमवारपासूनच’, आणि कधीतरी जुनी जीन्स चढेना झाली की कळतं, आपलं हे केव्हाच बंद पडलंय.

मी स्वतः या कंटाळ्यात आता बराच काळ काढला आहे आणि माझं मत पक्कं होत गेलंय, की त्यावर उतारा शोधू नये. उतारे सुचवणारे भरपूर भेटतात. झुंबा लाव, ॲप घे, महिनाभराचं ‘चॅलेंज’ घे, दीक्षितांचं डाएट करत असशील तर दिवेकरांचं कर, दिवेकरांचं करत असशील तर दीक्षितांचं. यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी बरी असेल. पण नवेपणाचा उत्साह पंधरा दिवस टिकतो आणि तेवढ्यात आधीची बसलेली घडी मोडते. मग नव्याचाही कंटाळा येतो, तेव्हा हाताशी जुनंही नसतं.

आधी काटा का अडतो ते बघू, कारण कंटाळ्याची सुरुवात तिथेच होते. आपलं शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं आणि एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी केलं की आधी हा साठा उपसला जातो आणि पाणीही निघून जातं. पहिल्या पंधरवड्यात झरझर उतरणाऱ्या किलोंमध्ये या पाण्याचा वाटा मोठा असतो. चरबी हळूहळू उतरते. शिवाय वजन कमी झालेल्या शरीराला चालायला, जिना चढायला, नुसतं बसून राहायलाही कमी ऊर्जा पुरते. म्हणजे आपण पूर्वीइतकंच जेवतो, पूर्वीइतकंच चालतो, पण ऊर्जेची तूट मात्र दर महिन्याला आक्रसत जाते. त्यातच चरबीतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक घटतं, मेंदूला ‘साठा कमी झालाय’ असा निरोप जातो आणि भूक वाढते. हे सगळं शरीर चोख काम करत असल्याचं लक्षण आहे. त्याचा आपल्या निश्चयाशी काहीएक संबंध नाही, हे मला माझ्या प्रत्येक मैत्रिणीला हात धरून सांगावंसं वाटतं. काटा अडला की बायका लगेच स्वतःला दोष देऊ लागतात. ‘माझ्यातच चिकाटी नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि ते म्हणणाऱ्या बायका पहाटे पाचला उठून दोन डबे करून, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवून मग ऑफिसला निघणाऱ्या असतात.

मी पर्वती चढते. घर सहकारनगरात, त्यामुळे ती जवळ. टेकडीवरचं देवदेवेश्वराचं मंदिर 1749 सालचं, नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं. पानिपतानंतर 1761मध्ये त्यांचा अंत झाला तोही इथेच. पायऱ्या 103. सकाळी सहाच्या सुमारास त्या पायऱ्यांवर निम्मं दक्षिण पुणं असतं. कॉलेजची मुलं घड्याळ लावून पळत चढतात, पैलवानी बांध्याचे काही जण एकेका पायरीवर उड्या मारत जातात, आणि गुडघे कुरकुरणारे आजोबा कठड्याच्या बाजूने, तिरके, एकेक पाय जपून टाकत उतरतात. पायऱ्या दगडी, ऐसपैस रुंद. काही ठिकाणी दगड इतका झिजलाय की मध्यभागी गुळगुळीत खळगा पडलाय. पावसात तिथून पाय सटकतो, म्हणून जुने लोक कडेकडेने जातात आणि नवखे मधून. कोण किती वर्षं येतंय ते एवढ्यावरून ओळखता येतं. वर पोचल्यावर खाली सारसबागेची झाडी, स्वारगेटची गडबड, आणि हवा स्वच्छ असेल तर नैर्ऋत्येला सिंहगड दिसतो.

हे वर्णन वाचायला बरं वाटतं, पण रोज तेच पाहिल्यावर ते दिसेनासं होतं. शेजारच्या वहिनी बरोबर येत नसत्या तर मीही थांबले असते, याची मला खात्री आहे. वहिनींना वजनाशी काही देणंघेणं नाही. मुळात त्या सडपातळ. निवृत्त झाल्यावर सकाळ खायला उठते म्हणून त्या येऊ लागल्या. आमच्या चालण्यात आहाराचा विषय निघतच नाही. मंडईत मटार किती उतरला, भाच्याच्या लग्नाला कोण कोण रुसलं, पाणी गुरुवारी येणार की नाही, बँकेतले त्यांच्या काळातले मॅनेजर, असं काहीही चालतं. एकदा तर दोन फेऱ्या संपेपर्यंत आम्ही फक्त मेतकुटात डाळं किती घालायचं यावर वाद घातला.

मला वाटतं, या गप्पांनी माझं जे काम केलं ते कुठल्याही प्रेरणादायी व्हिडिओने केलं नसतं. चढण्यातली गंमत संपली होती, पण वहिनींची कालची गोष्ट अर्धी राहिलेली असायची. आणि त्या खाली गेटपाशी उभ्या असणार, हे माहीत असताना अंथरुणात लोळत राहणं मला जमत नाही. ‘मोटिव्हेशन’ म्हणून आपण जे शोधत असतो ते दर वेळी स्वतःच्याच आतून यायला पाहिजे, असा हट्ट कशाला? माझं तर बऱ्याचदा सव्वासहाला गेटपाशी पदर खोचून उभं असतं.

आता खाण्याकडे येते, कारण खरी लढाई तिथेच आहे. माझ्या दुपारच्या डब्यात सोमवार ते शुक्रवार ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ, काकडी किंवा गाजर आणि ताक असतं. उसळ बदलते, मटकी, मूग, हिरवे वाटाणे, कधी हरभरे. बाकी तेच. ऑफिसात डबा उघडला की शेजारची म्हणते, ‘‘आजही भाकरीच? कंटाळा नाही का येत?’’ येतो. आणि तो यावा असंच मला वाटतं, त्याला कारण आहे.

बार्बरा रोल्स नावाच्या संशोधिकेने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की एकाच चवीचा पदार्थ खात गेलं की त्याची गोडी उतरत जाते, पण समोर दुसऱ्या चवीचं काही आलं की पोटात पुन्हा जागा होते. चवी जितक्या जास्त, तितकं जेवण जास्त. आपलं लग्नातलं ताट डोळ्यांपुढे आणा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे बटाट्याची भाजी, अळूची पातळ भाजी. मध्ये वरणभात, वर तूप. मग मसालेभात, मग जिलबी, आणि मठ्ठा. मसालेभाताने पोट तुडुंब भरलेलं असतं आणि तरी जिलबी दिसली की ‘दोन वाढा’ म्हणतो. मठ्ठ्याचा घोट घेतला की पुन्हा एक जिलबी जाते. ज्यांनी हे ताट रचलं त्यांना माणसाच्या जिभेचं फार खोल ज्ञान होतं. पाहुण्याने पोटभर जेवावं हाच त्यामागचा हेतू होता आणि तो सुंदर हेतू आहे. पण हाच थाट रोजच्या दुपारी मांडला तर कमरेवर दिसणारच.

अमेरिकेत 1994पासून एक नोंदवही चालू आहे. किमान 30 पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंच्या आसपास वजन उतरवून ते निदान वर्षभर तसंच ठेवलेल्या माणसांच्या सवयी तिच्यात नोंदवल्या जातात. रीना विंग आणि जेम्स हिल या दोघांनी ती सुरू केली. त्या माणसांनी वजन उतरवलं ते नाना तऱ्हांनी. टिकवलं मात्र बऱ्याच सारख्या पद्धतीने, आणि ती पद्धत वाचताना मला फार दिलासा मिळाला, कारण ती अगदी नीरस आहे. बहुतेक जण रोज न्याहारी करतात, आठवड्यातून एकदा तरी वजन करतात, दिवसाला सरासरी तासभर हालचाल करतात, तीही मुख्यतः चालण्याची, आणि सुट्टीच्या दिवशीही साधारण नेहमीसारखंच जेवतात. तिथेही कोणाला जादू सापडलेली नाही. तेच तेच करत राहण्यात ही माणसं स्थिरावली आहेत.

तेव्हापासून माझ्या डब्याचा कंटाळा आला की मला बरं वाटू लागलं. दुपारी काय खायचं हा प्रश्नच दिवसातून वजा झाला. रात्री मटकी भिजत घालायची, सकाळी उपसून सुती फडक्यात घट्ट बांधायची, संध्याकाळी फडक्याची गाठ सोडली की मोडांनी फडक्याच्या विणीत शिरकाव केलेला असतो आणि ते अलगद सोडवावे लागतात. एवढं माझ्या आहारनियोजनाचं काम. उरलेलं डोकं दुसऱ्या गोष्टींना मोकळं राहतं, आणि चाळिशीपुढच्या बाईला डोकं मोकळं मिळणं ही लहानसहान गोष्ट नाही.

एक गोष्ट मात्र काळजीने सांगायला हवी. कंटाळा आणि उपासमार यांत गल्लत करू नका. 1944-45मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून त्यांच्या शरीरामनाचं काय होतं ते तपासलं. युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसं जेवतं करायचं, हे शोधायचं होतं. त्या तरुणांना अन्नाचा कंटाळा आला नाही. उलट अन्नाखेरीज त्यांना काही सुचेना. ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, एकेक जेवण तासन् तास पुरवायचे, चिडायचे, थंडीने कुडकुडायचे. मला ही खूण फार उपयोगी वाटते. ताटातल्या भाकरीकडे पाहून ‘पुन्हा हेच’ असं वाटत असेल, पण जेवल्यावर तुम्ही तिचा विचार विसरत असाल, तर तो कंटाळा आहे आणि त्याला असू द्यावं. पण दिवसभर डोक्यात वडापाव फिरत असेल, झोप उडाली असेल, केस गळत असतील, पाळी लांबली असेल, पोरांवर विनाकारण ओरडणं होत असेल, तर तुम्ही कमी जेवताय. तिथे चिकाटी दाखवायची नाही. एक भाकरी वाढवायची, डाळ-दही-अंडी वाढवायची आणि डॉक्टरांना भेटायचं. मैत्रिणींमध्ये मी पाहिलंय, त्या उपासमारीला कंटाळा समजून रेटत राहतात आणि मग एकदम सगळंच सुटतं.

आणि उपवासांचं काय? ‘एकादशी, दुप्पट खाशी’ असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर दाण्याचं कूट आणि तूप. मी संकष्टी सोडलेली नाही, फक्त त्या दिवशी भगर आणि दाण्याची आमटी करते, तीही एकदाच. इतकंच.

सणांबद्दल त्या नोंदवहीतल्या शिस्तशीर लोकांशी माझं जमत नाही. शनिवार-रविवार नेहमीसारखं जेवावं, मान्य. पण गणेश चतुर्थी म्हणजे रविवार नव्हे. त्या दिवशी उकडीचे मोदक गरम असताना, फोडून वर तुपाची धार सोडून खायचेच. आंबा मे महिन्यात खायचाच. दिवाळीत आईच्या हातची चकली खायचीच. घोळ सणाच्या दिवसाने होत नाही, त्याच्या शेपटाने होतो. गणपतीत रोज संध्याकाळी पाच घरच्या आरत्या, पाच घरचे पेढे, आणि फराळाचा डबा तुळशीच्या लग्नापर्यंत ओट्यावर. मी सणाचा दिवस पूर्ण साजरा करते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवय कशी लागते याचा अभ्यास केला होता, तो 2010मध्ये छापून आला. नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कोणाला 18, तर कोणाच्या बाबतीत अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला. आणि मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे मोदक खाल्ल्याने काही मोडत नाही. 254 हा आकडा मात्र लक्षात ठेवावा. शेजारणीला दोन महिन्यांत जमलं आणि आपल्याला सहा महिने झाले तरी सकाळी उठताना जड जातंय, तर आपणही त्याच रांगेत आहोत, जरा मागे.

हे सगळं मी ज्यासाठी करते ते आता सांगते. आईला मधुमेह आहे. तिच्या बोटांना रोज सुई टोचताना मी पाहिलंय, पायाला झालेली साधी जखम महिनोन् महिने भरत नव्हती तेही पाहिलंय. माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, 6.1 आली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, ‘‘5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठा. अजून आत गेला नाहीत.’’ मी तिथून सुरुवात केली.

आणि इथे आपल्या पुण्याचाच एक धडा आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. दोघे शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीवाला, असा हा आपला भारतीय बांधा. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळंतिणी आणि बाळांचाही वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने पुष्कळ कमी, पण त्या मानाने चरबी राखून जन्मलेली आढळली. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ 25ऐवजी 23 बीएमआयवर धरतात आणि कंबर बायकांची 80 सेंटिमीटरच्या, पुरुषांची 90च्या आत असावी असं सांगतात.

हे कळल्यावर मी काट्याची सत्ता थोडी कमी केली. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी वजन. महिन्यातून एकदा शिवणकामाच्या टेपने कंबर. सहा महिन्यांनी रक्त. काटा ढिम्म असताना कंबर सरकलेली मी पाहिली आहे. पर्वतीच्या वरच्या पायऱ्यांवर पूर्वी मला बोलता यायचं नाही, वहिनी बोलायच्या आणि मी नुसती मान हलवायचे. आता वाद घालते. हे कुठल्या काट्यावर येत नाही, पण हृदय आणि स्नायू बदलल्याची ती रोख पावती आहे.

जिमला जाऊ का, असं बऱ्याच जणी विचारतात. जवळ असेल, परवडत असेल, तर जरूर. चाळिशीनंतर स्नायू टिकवायला वजनं उचलणं फार चांगलं. मी घरी पाण्याच्या बाटल्या आणि खुर्ची यांवर भागवते, टीव्हीवर बातम्या लागल्या की. त्यातही काही रंजक नाही.

पुढच्या महिन्यात वहिनी लेकीच्या बाळंतपणाला बंगळूरला चालल्या आहेत. तीन महिने तरी येणार नाहीत. मला त्याची आधीच धास्ती वाटली, आणि ‘बघू, जमेल तसं’ यावर ते सोडायचं नाही असं मी ठरवलं. खालच्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहते, सांगलीची, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, दिवसभर खोलीत बसून पाठ आखडते म्हणत होती. परवा जिन्यात तिला विचारलं. ‘‘काकू, मला सहाला उठवाल का पण?’’ म्हणाली. उठवीन म्हटलं. सोमवारपासून ती आमच्याबरोबर येते आहे, म्हणजे वहिनी जाईपर्यंत तिचीही वेळ ठरून जाईल. तिला मेतकूट आवडत नाही, त्यामुळे बोलायला दुसरं काहीतरी शोधावं लागेल.